पत्र्यांपलीकडचं पाणी

इक्बालभाई,

मी अजून घाबरलेलीच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला बरं पडेल. तुम्ही असतात तर हसला असतात आणि म्हणाला असतात, "टीचर, यात नवीन काय हाय?"

शाळेच्या फलकावर लावायला तुमच्याविषयी चार ओळी लिहून द्या, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं. लिहिल्या. उरणचा जन्म, बरीच वर्षं सौदीत नोकरी, पनवेलला इलेक्ट्रिकचं दुकान, मुलांसाठी बेसबॉलची लीग. लिहून झाल्यावर वाचलं, तर ते कुणाविषयीही असू शकलं असतं. त्यात तुमच्या खांद्यावरचं ओलं फडकं नव्हतं. मुलांना ग्लोव्ह देण्याआधी तो उलटा करून जमिनीवर आपटायची तुमची सवय नव्हती, आत विंचू असला तर पडू दे म्हणून. म्हणजे भीती तुम्हालाही वाटायची. तुम्ही ती हातासरशी उरकून टाकायचात. मी मात्र ती मांडीवर घेऊन बसायची.

तुम्ही शाळेत पहिल्यांदा आलात ते हॉलमधले पंखे दुरुस्त करायला. मी पटांगणात मुलींना सॉफ्टबॉल शिकवत होते. खिडकीतून तुम्ही शिडीवर उभे दिसत होतात, हातात टेस्टर आणि पंख्याकडे पाठ. काम आटोपून खाली आलात आणि विचारलंत, "टीचर, तो ग्लोव्ह जरा हातात घेऊ काय?" घेतलात आणि नाकाशी धरलात. मला वाटलं, माणूस जरा विचित्र आहे. मग तुम्ही सांगितलंत. सौदीत एका कंपनीच्या वसाहतीत बेसबॉलचं मैदान राखायचं काम तुमच्याकडे होतं. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने पांढऱ्या रेषा आखायच्या. शुक्रवारी साहेबांची मुलं खेळायला येत आणि तुम्ही कुंपणाबाहेर पाण्याचा पाइप धरून बघत राहायचात. बघून बघून सगळा खेळ पाठ झाला होता, पण बॅटला कधी हात लावला नव्हता. "आपलं काम मैदानाचं, टीचर. खेळ त्यांचा."

मी बॅट पुढे केली. पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. मग एक असा लागला की थेट पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटला. मुलींनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही लाजून, शिडी उचलून, पैसे न घेताच निघून गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पंख्यांचं काहीही काम उरलेलं नव्हतं.

लीग हा शब्द तुमचाच. मी म्हणत होते, चार मुलं जमवू, खेळवू. तुम्ही म्हणालात, नाय, लीग. पनवेलची टीम, विचुंब्याची टीम, शिरढोणची, उलव्याची. मुलगे-मुली एकत्र. आपण दोघं घरोघरी फिरलो. "क्रिकेट सोडून हे काय आणलंत?" असं प्रत्येक घरात विचारलं गेलं, आणि प्रत्येक घरात तुमचं एकच उत्तर, "क्रिकेटला सगळी दुनिया हाय भाऊ. याला आपुनच हाव." त्या 'आपुन'मध्ये मला तुम्ही न विचारताच धरून टाकलं होतंत. त्याबद्दल तुमचे आभार कधी मानले नाहीत. माझ्या आयुष्यात त्याआधी रविवार म्हणजे फक्त वॉशिंग मशीन होतं.

मैदान मिळालं ते उलव्याला. तिथे बांधकामाशिवाय काही नाही, तरी तेवढा एक प्लॉट कसा कोण जाणे मोकळा राहिला होता. एका बाजूला रस्ता, दोन बाजूंना अर्धवट उभ्या इमारती, आणि चौथ्या बाजूला उंच पत्रे. पत्र्यांपलीकडे कुणीतरी इमारतीच्या पायासाठी मोठा खड्डा खणला होता. काम बंद पडलेलं. सगळ्या पावसाळ्याचं पाणी त्यात साठलेलं, हिरवं, जराही न हलणारं. पहिल्यांदा फटीतून मी ते पाहिलं आणि लगेच वळून मुलं मोजली.

तुम्ही लगेच नियम केलात. पत्र्यावरून पलीकडे गेलेला चेंडू मेला. फटका मारणाऱ्याला होमरन, चेंडू आणायला कुणी जायचं नाही. दर सामन्याआधी मुलांना रांगेत उभं करून विचारायचात, "पत्र्यावरून गेला तर?" आणि सगळी एका सुरात ओरडायची, "मेला!" ती आनंदाने ओरडायची. मला तो शब्द ऐकवायचा नाही.

मी त्या जागेच्या रखवालदाराकडे किती खेपा घातल्या ते तुम्हाला माहीत आहे. साहेब नाहीत, साहेब आले की सांगतो, एवढंच. मग सामना संपल्यावर टपरीवर चहा घेताना आपला तोच वाद.

"खड्डा बुजेपर्यंत लीग बंद ठेवू," मी म्हणायची.

"ठेवू. मग पोरं रविवारी कुठं जातील? याच खड्ड्यात पोवायला येतील. आता निदान आपुन दोघं बघायला हाव."

"आपण आहोत म्हणूनच ती इथे येतात. आयांनी आपल्या भरवशावर पाठवलीत."

"मंग ठेवू द्या की भरवसा."

एकदा तुम्ही फारच बोललात. "राग नका मानू टीचर, तुमाला पोरांची फिकर कमी आणि तुमच्या भीतीची फिकर जास्त हाय." मी चहा अर्धा टाकून उठले. तुम्ही मागून हाक मारली नाहीत. पुढच्या रविवारी मात्र मी पोचायच्या आत पत्र्यांच्या कडेने तुम्ही दोरी बांधून ठेवली होती आणि तिला जुन्या ओढण्यांच्या लाल चिंध्या लावल्या होत्या. भाभींच्या ओढण्या. माफी मागायची तुमची ही तऱ्हा. मी ती ओळखली, आणि ओळखलं असं दाखवलं नाही.

तो रविवार आता सांगावाच लागेल. तुम्हाला तो माहीत आहे, तरी माझ्या बाजूने तुम्ही तो कधी ऐकला नाहीत.

पाऊस सरला होता. दिवाळी जवळ आली होती. उलवे आणि विचुंबे यांचा सामना. पत्र्यांच्या बाजूला, सगळ्यात लांब, सानिका उभी होती. कोळ्यांची पोर, सातवीतली, आई नंदाताई पनवेलच्या बाजारात मासे विकते, वडील बंदरावर कामाला. डावखुरी म्हणून तुम्ही तिला 'उलटी' म्हणायचात आणि ती चिडायची. विचुंब्याच्या मुलाने जमिनीलगत जोरात फटका मारला. चेंडू दोरीखालून गेला आणि एका जागी पत्रा खालून उचकटला होता, तिथून पलीकडे सरकला. वरून नाही, खालून. खालून गेला तर काय, हे आपण मुलांना कधी सांगितलंच नव्हतं. विचुंब्याचा मुलगा पळत सुटला होता, सगळे ओरडत होते, आणि सानिका पोटावर आडवी होऊन त्या फटीत शिरली.

मी शिट्टी वाजवली. त्याच वेळी डोक्यावरून विमान चाललं होतं, नुकतं उडालेलं, अगदी खाली. माझी शिट्टी मलाच ऐकू आली नाही. पोरीचे बूट फटीतून आत जाताना मला दिसले आणि माझे पाय जागचे हलेनात. खरंच हलेनात. तुम्ही पहिल्या बेसजवळून पळालात. या वयात इतकं जोरात पळताना मी तुम्हाला कधी पाहिलं नव्हतं.

मी त्या फटीतून पलीकडे पोचले तेव्हा तुम्ही पाण्यात होतात. पाणी हलत होतं, आणि त्यात तुमच्याशिवाय कुणीही नव्हतं. ते दृश्य मला अजून दिसतं, दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात, रिक्षात. तुम्ही खाली गेलात. वर आलात, रिकामे. माझ्याकडे बघितलंत. तुमच्या तोंडावरची भीती मी त्या एकाच वेळी पाहिली, आणि मला वाटलं, हे घाबरले म्हणजे संपलं. तुम्ही पुन्हा खाली गेलात. मी गुडघाभर पाण्यात उतरले होते, एका हाताने झुडूप धरलेलं, पायाखालचा चिखल सरकत होता. मग तुमचं डोकं दिसलं आणि त्याच्या बाजूला तिचं. तिचा ग्लोव्ह हातातच होता, पाण्याने फुगलेला. मी आधी ग्लोव्ह धरला, मग मनगट.

काठावर तुम्ही तिला पालथी केलीत. ती ओकली, खोकली, आणि रडायला लागली. मी नुसती उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "टीचर, श्वास घ्या. पोरगी घेतेय, तुमीच नाय घेत."

नंदाताई बाजारातून रिक्षा करून आल्या. त्यांनी सानिकाला आधी एक थोबाडीत दिली, मग छातीशी धरलं, मग तुमच्या पाया पडायला वाकल्या. तुम्ही चिखलाच्या पायांनी मागे मागे सरत होतात. "अरे ताई, अरे, काय करताव हा, उठा." तुमच्या नडगीला पत्र्याने चांगलाच काप गेला होता. गंजलेला पत्रा, म्हणून मी तुम्हाला ओढून दवाखान्यात नेलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावलं. ते टोचलं आणि मला हायसं वाटलं. चला, आपण सगळं केलं. इक्बालभाई, जन्मभर मी इतक्या गोष्टींना घाबरले, आणि त्या दिवशी नेमकी चुकीच्या गोष्टीला घाबरले. गंजाला घाबरले. पाण्याने पोरीला सोडल्यावर पाण्याला कोण घाबरतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फोन केला. लीग बंद, मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, येत्या रविवारी सगळे पत्रे स्वतः ठोकून घेतो, खालून सिमेंट मारतो, पण बंद नाय. "तुम्हाला अजून काय व्हायला हवंय?" मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "टीचर, तुमचं बरोबर हाय, पण," आणि तेवढ्यात दुकानात कुणी आलं. "थांबा, गिऱ्हाईक हाय, मागून बोलू." तो आपला शेवटचा नीट झालेला फोन. त्या 'पण'च्या पुढे तुम्ही काय म्हणणार होतात याची मी रोज वेगवेगळी वाक्यं करते. एकही तुमच्या आवाजात बसत नाही.

त्या रविवारी तुम्ही आला नाहीत. ताप आहे, भाभी म्हणाल्या. सगळीकडे साथ होतीच, औषध घेतलं होतं. मी सामना रद्द केला आणि, खरं सांगते, मला बरं वाटलं. मग कळलं, ताप उतरत नाहीये. पोटऱ्या इतक्या दुखतायत की चालवत नाही. डोळे लाल झालेत. मी भेटायला आले तोवर भाभी तुम्हाला हॉस्पिटलात घेऊन निघाल्या होत्या. रिक्षात तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा डोळ्यांतला लाल रंग पिवळ्याकडे झुकला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत साचलेल्या पाण्यात उतरले होते का?"

"नाही," भाभी म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर तुम्ही पाहिली नाहीत, ग्लानीत होतात. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. लेप्टोची शंका आहे, म्हणाले. उंदरांनी घाण केलेल्या पाण्यातून होतो, जखमेतून आत शिरतो. मग त्यांनी विचारलं, "आणखी कोण उतरलं होतं त्या पाण्यात?"

मी हॉस्पिटलातून धावतच निघाले. बाजारात नंदाताई सुरमई कापत होत्या. मला बघितलं आणि त्यांचा कोयता हवेतच राहिला.

"ताई, सानिका कुठे आहे?"

"घरी. का? काय झाला?"

"ताप आहे का तिला? पाय दुखतायत? डोळे?"

"टीचर, खरा सांगा. माझे पोरीला काय हाय?"

मी सांगितलं. त्यांनी कोयता ठेवला, हात तसेच, न धुताच रिक्षात बसल्या. वाटेत एकदाच म्हणाल्या, "त्यांना काय झाला तर आमी काय तोंड दाखवू?" तोवर मला फक्त पोरीचीच भीती वाटत होती. तुम्हाला काही होईल हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तुम्ही पाण्यातून वर येणारे. तेच डोक्यात बसलं होतं.

सानिकाला ताप नव्हता. रक्त घेतलं, गोळ्या सुरू केल्या. मलाही दिल्या. त्या दिवसांत मी शाळेत जिना चढताना थांबून पोटऱ्या दाबून बघायची. आरशात खालची पापणी ओढून बघायची. वर्गातल्या मुली विचारायच्या, मॅडम, डोळ्यात काही गेलंय का?

तुमची मूत्रपिंडं थकत चालली होती. डायलिसिस सुरू झालं. मला एकदाच आत सोडलं. तुम्ही जागे होतात. मास्क जरासा बाजूला करून विचारलंत, "पोरगी?"

"रिपोर्ट यायचाय," मी म्हणाले.

खोटं बोलता आलं असतं. चांगला आला असं सांगता आलं असतं. मला ते सुचलंही नाही. तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत. सिस्टरने मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. आणि त्याच दुपारी सानिकाचा रिपोर्ट आला. चांगला आहे, इक्बालभाई. त्यात काही निघालं नाही. एवढं एक वाक्य तुम्हाला सांगायचं राहून गेलं, आणि खरं तर हे सगळं लिहायला बसले ती त्यासाठीच.

तुमच्या गल्लीत त्या दिवशी लीगची सगळी मुलं आली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तरी टीमचे टी-शर्ट घालून. पुरुष तुम्हाला खांद्यावर घेऊन कब्रस्तानाकडे निघाले तेव्हा विचुंब्याचा तो फटका मारणारा मुलगा रडत चार पावलं मागे गेला, मग थांबला. आम्ही बायका घरात. भाभींच्या आजूबाजूला त्यांच्या बहिणी, जावा. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"टीचर, त्या दिवशी ते पाण्यात उतरले तेव्हा तुम्ही होता ना तिथे?"

"हो."

"मला बोलले, पाय पत्र्याला लागला. कपडे ओले का, विचारलं तर बोलले, नळाखाली धुतले. पाण्याचं मला कुणीच बोललं नाही. मी पहिल्याच दिवशी डॉक्टरला बोलले असते ना? ताप आला त्याच दिवशी बोलले असते."

मला वाटलं होतं, त्यांना माहीत आहे. ज्या गोष्टीने अख्खं उलवे हादरलं, ती तुम्ही घरात सांगितली नसेल हे माझ्या मनातही आलं नाही.

इथे मला तुमच्याशी भांडायचंय. आता उत्तर येणार नाही, तरी भांडायचंय. का नाही सांगितलंत? भाभी घाबरतील म्हणून? लीग बंद करायला लावतील म्हणून? माझ्या भीतीला तुम्ही हसायचात, त्यांच्या भीतीला तुम्ही टाळलंत. अहो, घाबरलं असतं ना ते माणूस, तर तुम्हाला पहिल्याच दिवशी ओढत नेलं असतं डॉक्टरकडे. घाबरणाऱ्या माणसाला सांगायला हवं होतंत.

भाभी शेवटी म्हणाल्या, "त्या मुलीला माझ्यासमोर आणू नका." मी मान हलवली.

तुम्ही त्या पाण्यामुळे गेलात, हे सानिकाला आम्ही कुणी सांगणार नव्हतो. पण शाळेत एका मुलीने सांगितलंच, तुझ्यामुळे अंकल गेले. पोर घरी आली आणि बोलेचना. जेवेना. ग्लोव्ह तिने मासे ठेवायच्या थर्माकोलच्या रिकाम्या पेटीत टाकून वर दगड ठेवला. नंदाताईंनी मला बोलावलं. इक्बालभाई, खड्ड्याकाठी मला जेवढी भीती वाटली होती तेवढीच त्या घराच्या पायऱ्या चढताना वाटली.

ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. न वळताच तिने विचारलं, "टीचर, मी बॉल आणायला गेले नसते तर अंकल असते?"

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. पण ती पोर हुशार आहे. तिला नाही सांगितलं असतं तर ती पुन्हा कधी माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नव्हती.

"असते," मी म्हणाले. "आणि तू पाण्यात असताना ते काठावर उभे राहिले असते, तरी असते. मी काठाशीच उभी राहिले ना? मी आहे. ते उभे राहिले नाहीत. ते त्यांनी ठरवलं, सानिका. तू नाही ठरवलंस. तू फक्त बॉलच्या मागे गेलीस."

ती वळली. "भाभी रागावल्यात माझ्यावर?"

"हो."

तिने मान हलवली. मग आईला म्हणाली, "भात वाढ." मला माहीत नाही मी बरोबर केलं की नाही. तुम्ही असतात तर तिला 'उलटी' म्हणून हसवलं असतंत आणि काम झालं असतं. माझ्याकडे ते नाही. माझ्याकडे जे होतं ते दिलं.

लीग बंद आहे असं मी सगळ्यांना कळवलं. तरी गेल्या रविवारी उलव्याला जाऊन आले, नुसतं बघायला. मुलं आली होती. कुणी खेळत नव्हतं, कारण किट माझ्याकडे. आणि ती कुठे होती सांगू? पत्र्यांशी. ओळीने, फटींना डोळे लावून. एकाने तर वर चढायला पाय टाकला होता. माझ्या तोंडून अशी किंकाळी फुटली की रस्त्यावरचा डंपरवाला थांबला.

मी त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेलं, रस्त्यापासून आणि पत्र्यांपासून लांब, जेमतेम जागा, आणि फक्त झेल घ्यायला लावले. बॅट नाही. धावणं नाही. मी खेळाकडे पाठ करून, पत्र्यांकडे तोंड करून उभी राहिले, पूर्ण वेळ. पाठीमागे मुलं हसायला लागली होती. मला हसू आलं नाही. अर्धा वाद तुम्ही जिंकलात, हे मान्य. उरलेला अर्धा नाही. खड्डा तसाच आहे, आणि मी आता रखवालदाराकडे एकटी जात नाही, आयांना घेऊन जाते. परवा नंदाताईंनी त्याच्यासमोर जो आवाज लावला, त्यानंतर साहेब पहिल्यांदाच फोनवर आले. काम करतो म्हणालेत. बघू. मला खात्री नाही. लीग पुन्हा पूर्ण सुरू होईल का, तेही माहीत नाही. हो म्हणायला तोंड उघडलं की ते हिरवं पाणी दिसतं.

आणि एक राहिलं. गेल्या आठवड्यात भाभींचा फोन आला. आवाज कोरडा.

"ती मुलगी कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे? ताप कोण बघतं?"

"तिची आई बघते ना."

"आई सकाळी बाजारात असते." मग म्हणाल्या, "मी इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस मला बाहेर पडता येत नाही. तिला घेऊन या."

मी सानिकाला घेऊन आले. येताना वाटेत तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. दारात ती माझ्या मागे लपली. मलाही कुणाच्या तरी मागे लपावंसं वाटत होतं. भाभी बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, पांढऱ्या ओढणीत, तुमच्या खुर्चीशेजारी खाली. त्यांनी तिला नाव विचारलं नाही, बस म्हटलं नाही. "इकडे ये," एवढंच. ती गेली. भाभींनी तिच्या कपाळावर तळवा ठेवला. मग उलट्या हाताने गळ्याला लावून बघितला. मग अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली, एक डोळा, दुसरा डोळा, खिडकीच्या उजेडाकडे तोंड वळवून. पोर श्वास रोखून उभी होती.

"पाय दुखतात?"

"नाही."

"खरं सांग. लपवायचं नाही. अजिबात लपवायचं नाही."

"नाही दुखत, भाभी."

मग भाभी माझ्याकडे वळल्या. "ही गेली ना टीचर, तर ते कशासाठी गेले?" आणि त्यांनी सानिकाला असं दोन्ही हातांनी धरलं, की मला कळेना त्या तिला जवळ घेतायत की तिच्यावर चिडल्यात. बहुतेक दोन्ही.

तेव्हापासून सानिका रोज शाळा सुटली की तुमच्या घरी जाते, कपाळ दाखवते, खजूर खाते आणि निघते. काल डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या संपल्या, धोक्याची मुदत उलटली, आता काळजी नको. मी आनंदाने भाभींना फोन केला. आता तिला रोज पाठवायची गरज नाही, म्हणाले.

"डॉक्टर काय बोलतात ते बोलू देत," भाभी म्हणाल्या. "तुम्ही उद्या पाठवा."